आकाश टॅब्लेट : काउंटरवर हजारदा विचारलेले प्रश्न

२०११-१२ ला लातूरला माझं नेटकॅफे कम झेरॉक्सचं दुकान होतं, गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर. आता त्याच गाळ्यात मोबाईल रिपेरिंग चालतं. पण अजूनही महिन्या दोन महिन्याला कोणीतरी येतं, पिशवीतून जुना टॅब काढतं नाहीतर नुसतंच विचारतं, "भाऊ, ते सरकारी स्वस्तातल्या टॅबचं पुढे काय झालं हो?" तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी लिंक देईन आणि चहा प्यायला जाईन.

आकाश म्हणजे नक्की काय होतं?

सात इंची स्क्रीनचा अँड्रॉइड टॅब्लेट. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी लाँच केला, ते तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री होते. बनवणारी कंपनी डेटाविंड, म्हणजे सुनीत सिंग तुली आणि राजा सिंग तुली या दोघा भावांची, कारभार लंडन आणि मॉन्ट्रियलहून. जुळणी हैदराबादला व्हायची आणि सरकारकडून देखरेख आयआयटी राजस्थानची. कॉलेजच्या पोरांसाठी होता तो, शाळेसाठी नाही, आणि फुकट तर अजिबात नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना तो फुकट आहे आणि रेशन कार्डावर मिळतो असंच वाटायचं.

किंमत नक्की किती? कोण १,७५० सांगतं, कोण २,२७६, कोण २,९९९

तिघंही बरोबर, इथंच तर सगळा घोळ झाला. सरकारला एक नग पडायचा २,२७६ रुपयांना. त्यावर सबसिडी धरून विद्यार्थ्याला १,७५० ला द्यायचा असं ठरलं होतं. आणि ज्याचं कॉलेज यादीत नाही किंवा जो विद्यार्थीच नाही, त्याच्यासाठी कंपनी स्वतः तेच मशीन थोडं सुधारून युबीस्लेट नावाने २,९९९ ला विकणार होती. साधा आकाशसुद्धा काही दिवस ऑनलाइन २,५०० ला होता, पैसे टॅब घरी आल्यावर द्यायचे.

पेपरात मोठ्या अक्षरात छापून यायचं १,७५० आणि बुकिंगच्या फॉर्मवर दिसायचं २,९९९. मग समोरचा माणूस माझ्याकडे असं बघायचा की मधले साडेबाराशे मीच खिशात घालतोय.

१४ लाख लोकांनी बुक केला होता हे खरं का?

जानेवारी २०१२ मध्ये दोन आठवड्यांत १४ लाख बुकिंग झाल्याच्या बातम्या आल्या होत्या हे खरं. पण बुकिंग म्हणजे काय ते बघा. तेव्हा बुक करायला एक रुपया लागत नव्हता, वेबसाइटवर नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल टाकायचा की झालं, पैसे टॅब दारात आल्यावर. फुकटात नाव लावायचं म्हटल्यावर कोण नाही लावणार हो? एकेका घरातून चार चार नावं मी स्वतः भरलीत, बापाचं, पोराचं, पोरीचं आणि गावाकडच्या आजीचं, कुणाचा तरी नंबर लागेल म्हणून. फॉर्म भरायचे मी दहा रुपये घ्यायचो. ज्यांना ईमेल नव्हता त्यांचा ईमेल काढून द्यायचे वेगळे पाच.

म्हणून माझं मत तेव्हाही हेच होतं की हा आकडा विक्रीचा नाही, आशेचा आहे. आमच्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसंच चाललं होतं. टॅब कुणी बघितलेला नाही आणि चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडलेल्या, एक म्हणते क्रांती, एक म्हणते खेळणं. (लातूरला तुरीची म्हण चुकीची वाटत नाही, बाजार समितीत खरोखरच तुरीचे ढीग लागलेले असतात.)

पण आकडा फुगलेला होता म्हणजे मागणी खोटी होती असं नाही, इथं लोक चुकतात.

मग एवढे लोक तुटून का पडले? काय करणार होते ते त्याच्यावर?

हा माझा आवडीचा प्रश्न. फॉर्म भरताना मी एका वहीत नाव, नंबर आणि पैसे आले की नाही ते लिहायचो आणि सवयीने शेजारी लिहायचो कशासाठी पाहिजे ते. पाच-सहा पानं भरली. ती वही अजून आहे, वाळवीने एक कोपरा खाल्लाय तेवढा.

औशाकडचे एक शेतकरी होते, त्यांना सोयाबीनचा आणि तुरीचा भाव रोज सकाळी घरी बघायचा होता, आडत्यावर विश्वास नाही म्हणून. ट्यूशनला आलेली परभणीची दोन पोरं, त्यांना इंजिनिअरिंगचे प्रवेशाचे फॉर्म आणि जुने पेपर पाहिजे होते, त्यासाठी माझ्याकडे तासाला वीस रुपये मोजून बसायची. रिटायर झालेले एक मास्तर, त्यांना मोठ्या अक्षरात ज्ञानेश्वरी वाचायची होती. एक ताई म्हणाल्या एमएस-सीआयटी केलं, सर्टिफिकेट मिळालं, पण घरी कॉम्प्युटर नाही तर सगळं विसरून चालले, हात बसण्यापुरतं काहीतरी पाहिजे. एका वडिलांनी नुसतं सांगितलं, "शेजाऱ्याच्या पोराकडं हाय." शेजाऱ्याच्या पोराकडे होता तो चायनाचा फोटोफ्रेम, पण असो.

आता बघा, यातल्या एकालाही टॅब्लेट नको होता. कुणाला भाव पाहिजे होता, कुणाला पुस्तक, कुणाला सरावाचं मशीन, आणि सगळे त्याला आकाश म्हणत होते. आयपॅड २ तेव्हा भारतात २९,५०० पासून पुढे होता, सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी टॅब २०१० च्या शेवटी आला तोच ३८,००० ला. त्या भावात वहीतल्या कुणीही ते नाव उच्चारलं नसतं. तीन हजार म्हटल्यावर पहिल्यांदा असं झालं की हे आपल्यासाठीही असू शकतं. त्या शेतकऱ्याला क्विंटल-दीड क्विंटल सोयाबीनच्या पैशात बसत होतं ते.

मशीन कसं होतं? खरंच एवढं भंगार होतं का?

एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे आला होता, त्यांनी दुकानात आणला तेव्हा तासभर हाताळला. प्लास्टिकची पाठ, दोन यूएसबी पोर्ट (हे भारी होतं, कीबोर्ड, पेनड्राईव्ह डायरेक्ट लागायचा), वजन साडेतीनशे ग्रॅम. आत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२, बॅटरी २,१०० एमएएच. कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही, गुगलचं मार्केट (आताचं प्ले स्टोअर) नाही, ॲप घ्यायला त्याऐवजी गेटजार नावाची दुसरीच साइट.

स्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे बोटाने हळूच सरकवून काही होत नाही, दाबावं लागतं. एटीएमच्या जुन्या स्क्रीनला कसं दोनदा दाबतो तसं. नखाने चांगलं चालायचं. सरांच्या मिसेसना आमच्या सगळ्यांपेक्षा पटापट जमत होतं कारण त्यांची नखं वाढलेली, आणि सर नखं कापून आलेले.

भंगार म्हणणारे तो आयपॅडशेजारी ठेवून म्हणायचे. बरा म्हणणारे तो रिकाम्या टेबलाशेजारी ठेवून म्हणायचे. मी स्वतः दोन्हीच्या मधे आहे, म्हणजे पीडीएफ उघडायला आणि साधा व्हिडिओ बघायला चालेल, पण बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने तीन तासांची आणि लातूरला तेव्हा लोडशेडिंग चार-सहा तासांचं, खेड्यात तर विचारूच नका, मग अभ्यास कधी करायचा?

आणि सर्वात मोठी गोष्ट, सिम नव्हतं. नुसतं वायफाय. २०११ ला लातूरमध्ये वायफाय कुणाकडे होतं हो? युबीस्लेटमध्ये सिम होतं, तेही जीपीआरएस, म्हणजे टूजीचं हळू नेट, थ्रीजी नाही. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच असायचा, "सिम बसतंय का?" रॅम किती हे कुणी विचारलं नाही.

मराठी दिसायचं का त्याच्यात?

त्या काळच्या अँड्रॉइडची ही रड सगळ्याच फोनला होती, आकाशची एकट्याची नाही. २.२ मध्ये देवनागरी फॉन्टच नसायचा, मराठी पेपरची साइट उघडली की नुसते चौकोन चौकोन. त्यावर जुगाड होता, जुन्या लोकांना आठवत असेल: ऑपेरा मिनी टाकायचं, ॲड्रेसच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग टाइप करायचं आणि सगळ्यात खाली बिटमॅप फॉन्ट्सच्या पुढे यस करायचं. मग मराठी अक्षरं फोटोसारखी बनून यायची, थोडी वेडीवाकडी, पण वाचता यायची. हे करून द्यायचे मी पैसे घेत नव्हतो. अँड्रॉइड ४ आल्यावर हा त्रास बराच संपला.

ज्ञानेश्वरीवाल्या मास्तरांना मी शेवटी फोटो स्कॅन केलेली पीडीएफच सुचवली होती, त्यात फॉन्टचा प्रश्नच येत नाही.

एवढ्या स्वस्तात परवडायचं कसं? काहीतरी काळंबेरं असणारच

काळंबेरं नाही, हिशोब आहे. एक तर वर सांगितलं ते सगळं काढून टाकलं. दुसरं म्हणजे टचस्क्रीनचं पॅनल, जे महागातलं अंग असतं, ते कंपनी मॉन्ट्रियलला स्वतः बनवायची. तिसरं, तुली उघड सांगायचे की मशीनवर फार मिळालं नाही तरी चालेल, पैसा नेट, ॲप आणि जाहिरातीतून काढू. त्यांचा जुना धंदाच तो होता, वेबपेज सर्व्हरवर दाबून बारीक करायचं आणि टूजीवरही पळवायचं. म्हणजे घोडा स्वस्त, कमाई चाऱ्यावर. कल्पना वाईट नव्हती, फक्त चारा विकत घेणाऱ्याच्या बॅलन्समध्ये तेव्हा दहा रुपयाचं रिचार्ज असायचं.

सरकार, आयआयटी आणि कंपनीचं भांडण कशावरून झालं?

मशीन किती दणकट पाहिजे यावरून. सरकारची ऑर्डर एक लाखाची. पहिले काही हजार गेल्यावर कॉलेजांतून तक्रारी आल्या, तापतो, हँग होतो, बॅटरी टिकत नाही. आयआयटी राजस्थानने चाचण्या कडक केल्या. कंपनीचं म्हणणं असं की आमच्याकडून लष्करी दर्जाच्या चाचण्या मागतायत, तासाला चार इंच पावसात टिकला पाहिजे वगैरे, आणि हे आधी ठरलेलं नव्हतं. तिकडे हैदराबादच्या जुळणी करणाऱ्या कंपनीशीही पैशावरून वाजलं.

मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. पोरगं दप्तरात टाकून एसटीने येणार, पावसात भिजणार, सीटखाली पडणार, तर टिकायला पाहिजेच की. पण २,२७६ रुपयांत तसं मशीन मागायचं म्हणजे एसटीचं तिकीट काढून विमानातली सीट मागण्यासारखं.

आकाश २ मध्ये काय बदललं?

बरंच. प्रकल्प आयआयटी मुंबईला, पवईला गेला, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे. (२०१३ ला त्यांना पद्मश्री मिळाली.) ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणब मुखर्जींनी दिल्लीत आकाश २ काढला. एक गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४, पुढे कॅमेरा, आणि मुख्य म्हणजे स्क्रीन कपॅसिटिव्ह, म्हणजे नुसतं बोट लावलं की चालणारी, नखं वाढवायची गरज संपली. सरकारला २,२६३ ला, विद्यार्थ्याला १,१३०.

पवईच्या लोकांनी एक शहाणपण केलं, आधी शिक्षकांना धरलं. इंजिनिअरिंग कॉलेजांत ट्रेनिंग घेतलं, टॅबवर सी आणि पायथनचे प्रोग्रॅम लिहायची सोय केली, वर्गात प्रश्न विचारून लगेच उत्तरं गोळा करणारं क्लिकर ॲप बनवलं. आकाशवर जो काही खरा अभ्यास झाला तो या टप्प्यात झाला असं माझं मत आहे. पण तोपर्यंत पहिल्याचं नाव इतकं खराब झालं होतं की दुकानात आकाश २ म्हटलं की लोक हसायचे. म्हणजे मशीन सुधारलं तेव्हा गिऱ्हाईक पांगलेलं.

तो चायनाचा होता ना?

आकाश २ आल्या आल्या पेपरांत हे आलं होतं. कंपनीने सांगितलं की सर्किट बोर्ड आणि सुटे भाग चीनमधून येतात, आणि घाई असल्यामुळे पहिल्या खेपेतलं बरंचसं कामही तिकडेच करून घेतलं, शेवटचं काम भारतात. लोकांना हे फसवणूक वाटली कारण भाषणांत स्वदेशी, स्वदेशी झालं होतं. आता माझ्या टेबलावर कुठलाही फोन उघडा आणि आतले पार्ट कुठले ते बघा. राग चीनवर नव्हता हो, राग भाषणावर होता.

"शाळेत संडास नाही आणि टॅब वाटतात" हे म्हणणं बरोबर नाही का?

बरोबर आहे, पण अर्धंच. हा वाद आकाशच्या आधीपासूनचा आहे. अमेरिकेतले प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांचा गरीब देशांतल्या पोरांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप आला होता तेव्हा आपल्याच मंत्रालयाने २००६ ला नको म्हणून सांगितलं. त्यानंतर २००७ ला त्याचा एक छोटा प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतकडच्या खैरात गावच्या शाळेत झाला. मग सरकारनेच स्वस्त मशीनचं मनावर घेतलं, २००९ ला तिरुपतीला दहा डॉलरचा लॅपटॉप म्हणून जे दाखवलं ते निघालं नुसतं माहिती साठवायचं डबडं, आणि जुलै २०१० ला सिब्बलनी ३५ डॉलरचा नमुना दाखवला, तोच पुढे आकाश. गंमत म्हणजे नेग्रोपाँटेंनीच या स्वस्त टॅबचं कौतुक करून स्वतःचं तंत्रज्ञान देऊ केलं.

म्हणजे लोकांना आधीच एकदा डबडं दाखवून झालेलं होतं. टीका करणारे सगळे काही टॅबविरोधी नव्हते, त्यातले बरेच जण दुधाने तोंड पोळलेले होते. माझ्याकडे येणारे एक झेडपीचे गुरुजी म्हणायचे, "मला एक चालू कॉम्प्युटर आणि लाईट द्या, टॅब राहू द्या." आणि त्यांच्याच मुलाचं नाव माझ्या वहीत होतं, दोनदा. विसंगत वाटतं पण नाही. शाळेसाठी माणूस एक मत देतो, पोरासाठी दुसरं.

बाकीच्या कंपन्यांवर काही परिणाम झाला का?

लई झाला. आकाशने स्वतः किती पोरं शिकवली ते बाजूला ठेवा, टॅबचा भाव पाडला हे नक्की. २०१२ च्या सुरुवातीलाच बीएसएनएलच्या नावाने पेंटाचा टॅब ३,२५० ला आला. एप्रिलमध्ये मायक्रोमॅक्सचा फनबुक ६,४९९ ला, अँड्रॉइड ४ सकट. मग कार्बन, मग कुणी ना कुणी, दर महिन्याला नवीन. गिऱ्हाईक आकाशचं नाव काढत यायचं आणि पाच-सहा हजाराचं दुसरंच काही बघत बसायचं. डेटाविंडसुद्धा बुडाली नाही लगेच, २०१४ ला टोरंटोच्या शेअर बाजारात आली आणि २०१५-१६ मध्ये काही तिमाहींत भारतात नगांच्या हिशोबाने टॅब विकण्यात सॅमसंगच्याही पुढे होती. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही.

तुम्ही स्वतः घेतला का?

नाही. मी शहाणपणा केला आणि मुंबईहून बिननावाचा एक सात इंची चार हजाराला आणला, आकाशपेक्षा भारी म्हणून. तिसऱ्या आठवड्यात चार्जिंगची पिन आत गेली. दुकानदार म्हणाला वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. ती पिन स्वतः झाळ देऊन बसवली, दोनदा बोट भाजलं, पण बसली. आजचा माझा रिपेरिंगचा धंदा तिथून चालू झाला, त्यामुळे तक्रार नाही.

मग बंद का पडला?

थोडक्यात सांगतो. मंत्री बदलले, ऑक्टोबर २०१२ ला सिब्बल गेले आणि पल्लम राजू आले, उत्साह ओसरला. आकाश ४ चे नुसते स्पेसिफिकेशन आले. मग सरकारच बदललं. आणि तोपर्यंत लोकांच्या हातात स्मार्टफोन आला, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि विषयच संपला. भाव बघणं, फॉर्म भरणं, ज्ञानेश्वरी, सगळं फोनवर. माझं नेटकॅफेही त्याच वर्षात बंद झालं.

आता पोराला अभ्यासाला स्वस्तातला टॅब घ्यायचाय, काय बघू?

तीन हजाराचा कुठला नवीन टॅब कुणी देत असेल तर घेऊ नका, तेवढ्यात चांगल्या कंपनीचा सेकंडहँड बघा. रॅम, मग बॅटरी, मग अपडेट किती वर्षं मिळणार ते. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का. सिम बसतंय का ते तर तुम्ही विचारणारच.

माझ्याकडे जुना आकाश पडलाय, चालू करून द्याल का? विकला जाईल का?

आधी पाठीवर हात फिरवून बघा. पाठ फुगलेली लागली तर चार्जरला अजिबात लावू नका, दाबू नका, पोरांच्या हातात देऊ नका, सरळ घेऊन या, बॅटरी काढून वेगळी ठेवतो, ती कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसते. पाठ सपाट असेल तर बॅटरी बदलून चालू होईलही, पण त्यावर आजचं यूट्यूब, व्हॉट्सॲप काही चालणार नाही. मेमरी कार्डातले जुने फोटो, पीडीएफ काढून देतो, त्याचे पन्नास रुपये.

विकला जाणार नाही. एकाने मागच्या पावसाळ्यात आणला होता, डब्यासकट, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला पोरगं पुण्याला गेलं तेव्हाच पार्सल आलं, मग कुणी उघडलाच नाही. मी दोनशे देतो म्हटलं, शोकेसमध्ये ठेवायला. तो म्हणाला घरी विचारून सांगतो. अजून आला नाही.